परसातली भट्टी: पहिली वीट ठेवण्याआधीचं गणित

परसात मातीच्या भांड्यांची भट्टी बांधायची ठरली की पहिला प्रश्न येतो, विटा किती लागतील? उत्तर पुढे दिलं आहे, पण त्याआधी दोन आकडे कागदावर हवेत. भांडी किती तापमानाला भाजायची, आणि त्यातलं सगळ्यात मोठं भांडं केवढं?

लाल मातीच्या पणत्या, कुंड्या, माठ ८५० ते ९५० अंश सेल्सिअसला पक्के होतात. ग्लेझ (काचेसारखा लेप) केलेलं स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी टणक भांडी, १२०० ते १२८० मागतं. आकड्यात फरक तीनशेचा दिसतो, पण त्या दोन वेगळ्याच भट्ट्या आहेत. साधी लाल वीट स्वतःच नऊशे-हजारच्या आसपास भाजलेली असते. त्याच्या बऱ्याच वर नेली तर ती मऊ पडते, वाकते, काही जागी काचेसारखी वितळते. म्हणून पहिली भट्टी लाकडावरची, खालून वर जाळ जाणारी आणि ९५० अंशांपर्यंतचीच असावी, असं आमचं ठाम मत आहे.

आकाराचा नियम सोपा: दोन महिन्यांत जेवढं काम हातून होतं, तेवढ्यानं भरणारी खोली. अर्धी रिकामी भट्टी लाकूड तर जास्त खातेच, शिवाय जाळ रिकाम्या बाजूनं निघून जातो आणि भरलेली बाजू कच्ची राहते.

आता चौकटीचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे अर्धी वीट, ११.५ सेंटीमीटर. ९ × ४.५ × ३ इंची वीट धरली तर आतली खोली ६९ × ६९ सेंटीमीटर ठेवावी, म्हणजे बरोबर तीन विटा. भिंत एक वीट जाड, २३ सेंटीमीटर. बाहेरून ११५ × ११५. सगळी मापं विटेच्या पटीत आली की वीट फोडावी लागत नाही, आणि फोडलेली वीटच पुढे आधी तडकते. एका रद्द्याला, म्हणजे विटांच्या एका थराला, ३२ विटा लागतात. सोळा रद्द्यांत उंची सव्वा मीटर होते. खालचे पाच रद्दे चुलाणाचे, म्हणजे जाळ करायच्या जागेचे, त्यावर भांडी टेकवायची जाळी, आणि वर भांड्यांसाठी साधारण ७४ सेंटीमीटर उंची. खोली सुमारे ३५० लिटरची.

खरी अडचण जाळीची असते. ६९ सेंटीमीटरचा गाळा वीट ओलांडू शकत नाही आणि लोखंडी गज टाकला तर तो लालभडक होऊन भांड्यांसकट खाली झुकतो. त्यामुळे चुलाणाच्या मधोमध एक वीट जाड भिंत घ्यायची. दोन्ही बाजूंना २३-२३ सेंटीमीटरचे बोगदे उरतात, प्रत्येकाला स्वतंत्र तोंड. पाचव्या रद्द्याची वीट दोन्हीकडून ५ सेंटीमीटर आत काढायची, की मधे १३ सेंटीमीटरच फट राहते. त्यावर फायरब्रिक (जास्त उष्णता सोसणारी वीट) कडेवर उभी, आडव्या दिशेनं, दोन विटांत ५ सेंटीमीटर अंतर ठेवून मांडायची. दोन्ही बाजूंना ५-५ सेंटीमीटर टेकण मिळतं. तोंडावरही हीच युक्ती, तिथेही लोखंडी पट्टी नको.

चुलाणाचा आतला थर (भिंतीच्या जाडीतली आतली अर्धी वीट), मधली भिंत आणि जाळी फायरब्रिकची हवी. मोडतोड धरून सव्वाशे घ्या. आयएस ८ दर्जाची वीट या कामाला पुरेशी आहे. साध्या विटा खालच्या फरशीसह आणि दहा टक्के तुटीसह ५२० धरा. विकत घेताना दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यायला हवा. फोडून आत पांढरे ठिपके दिसले तर तो ढीग सोडून द्या. ते चुनखडीचे खडे असतात. तापल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, मग हवेतली ओल पिऊन तो फुगतो आणि विटेचे टवके उडतात. तुमच्या भांड्यांच्या मातीलाही हीच तपासणी लागू आहे. काळ्या रानातल्या मातीत हे खडे हमखास सापडतात. राखेच्या सिमेंटी विटा आणि ब्लॉक घेऊच नका.

सिमेंटही नको. गवंडी सवयीनं ते मिसळायला जाईल, तेव्हा उभं राहून थांबवा. चार-पाचशे अंशांपुढे सिमेंटमधलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि त्याची भुकटी होते. त्याऐवजी फायर क्ले (उष्णता सोसणारी माती) दोन भाग, चाळलेली बारीक वाळू एक भाग, ताकासारखं पातळ कालवण. वीट पाण्यात बुडवून काढायची, कालवणात टेकवायची आणि दाबून बसवायची. सांधा २-३ मिलिमीटरचा. जाड सांधा आकसून गळून पडतो. फायरब्रिकचा आतला थर आणि बाहेरची भिंत यांच्यात पन्हळी पुठ्ठा उभा करा. पहिल्या जाळात तो जळून जातो आणि फायरब्रिकला फुगायला जागा उरते. ७० सेंटीमीटरची फायरब्रिकची ओळ पूर्ण तापली की सुमारे ४ मिलिमीटर वाढते. ही जागा दिली नाही तर ती भिंत बाहेर ढकलते. चारही कोपऱ्यांना ४० मिलिमीटरचे अँगल उभे करून वर-खाली १२ मिलिमीटरच्या सळयांनी बांधा. नट हातानं बसेल तेवढाच आवळायचा.

माल भरायला समोरच्या भिंतीत ४६ सेंटीमीटरचं दार सोडा. सव्वा मीटरच्या भिंतीवरून ओणवं होऊन तळाला कच्चं भांडं ठेवणं म्हणजे कानाकोपरे मोडणं. दर भाजणीला हे दार सुट्या विटांनी, सांध्यात कालवण न भरता रचायचं आणि बाहेरून मातीनं लिंपायचं.

आता जमीन. एवढ्या विटांचं वजन दोन टनांच्या घरात जातं, म्हणून गच्चीवर ही भट्टी नाही. काळ्या मातीवर थेट बांधली तर पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भट्टी कोपऱ्यातून उघडते. दीड मीटर चौरस जागा किमान ४५ सेंटीमीटर खोल खणा, काळी माती बाहेर काढा, डबर आणि मुरूम थराथरानं भरून धुमसानं ठोका. जोतं जमिनीपासून ३० सेंटीमीटर वर घ्या. त्यावर कोरड्या वाळूचा हातभर नाही, पण ५ सेंटीमीटरचा थर आणि मग विटांची फरशी. कोकणात जांभ्यावर पाया पक्का मिळतो, पण जांभा ओल धरून ठेवतो, तिथे जोत्याची उंची जास्त महत्त्वाची. भाताची गिरणी जवळ असेल तर तुसाची राख मिळवा. फरशीखाली तिचा १० सेंटीमीटरचा दाबलेला थर उष्णता जमिनीत जाऊ देत नाही. ओला तळ हे कच्च्या राहणाऱ्या खालच्या थराचं सगळ्यात मोठं कारण आहे: जाळाची ताकद पाणी उकळण्यात जाते.

जागा घरापासून आणि गवताच्या गंजीपासून भरपूर लांब हवी, वर फांदी किंवा वीजतार नको. तोंडं नेहमीच्या वाऱ्याला आडवी ठेवा. वारा थेट तोंडात शिरला तर एक बाजू जळते, दुसरी गार राहते. पत्र्याचं छप्पर घालणार असाल तर लोखंडी खांबांवर, भट्टीच्या काठापासून २ मीटर वर. सुरुवातीच्या दोन-तीन तासांत धूर भरपूर निघतो, तेव्हा शेजाऱ्यांशी आणि ग्रामपंचायत किंवा सोसायटीशी बोलणं खणण्याआधीच व्हावं.

लाकूडही आधीच रचायचं. पहिल्या भाजणीला ३०० किलो हाताशी ठेवा, उरलं तर पुढे लागेलच. बाभूळ, सुबाभूळ चांगली. तोडून, फोडून, पावसाळ्यानंतर दोन-तीन महिने वाळलेली. शेवटच्या टप्प्यासाठी अंगठ्याएवढ्या जाडीच्या चिपा वेगळ्या, कारण तापमान वर चढवायला जाड ओंडका कामाचा नाही, त्याचा निखारा साचून बोगदा तुंबतो. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड नको. भट्टीची वरची उघडी बाजू झाकायला फुटक्या खापऱ्यांची दोन पोती गोळा करून ठेवा.

वेळापत्रक दिवाळीनंतर सुरू करा. पाया आणि जोतं कार्तिकात, बांधकाम मार्गशीर्षात, मग तीन आठवडे नुसतं सुकणं. त्यानंतर भट्टी रिकामीच ठेवून तीन दिवस रोज चार तास गोवऱ्यांचा मंद जाळ. वर आरसा धरायचा. त्यावर वाफ जमते आहे तोवर विटांत पाणी आहे, जाळ वाढवायचा नाही. आरसा कोरडा राहिला की त्या दिवसापासून माल भरायला हरकत नाही.