फोंडा ते थिंपू : एका गाडीत दोन देशांची माणसं

फोंड्याहून स्वतःच्या गाडीने नेपाळ आणि भूतान करून आलो हे कळलं की लोक आधी रस्त्याचं विचारतात. घाट कसे, पेट्रोल मिळतं का, वाटेत मुक्काम कुठे. त्याचं उत्तर सोपं आहे. चोर्ला घाटाने बेळगाव, मग सोलापूर, नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर, आणि पुढे सोनौलीची सीमा. तिन्ही देशांत गाडी डाव्या बाजूनेच चालते आणि आपलं ड्रायव्हिंग लायसन्स नेपाळ-भूतानात चालतं. आमचा खरा वेळ गेला तो कागदपत्रांत. त्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही, म्हणून तेच सविस्तर लिहितो.

गाडीत आम्ही चौघं होतो. मी, बायको, सत्तरी ओलांडलेली आई आणि इंग्लंडमधल्या स्विंडनहून सुट्टीवर आलेला मामेभाऊ. आम्हा तिघांकडे भारताची मतदार ओळखपत्रं, भावाकडे पोर्तुगालचा पासपोर्ट. गोव्यातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. मामाने ती नोंद केली, पाठोपाठ मुलाची झाली. आई त्याच घरात, त्याच राजवटीत जन्मली, पण तिने नोंद केली नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं आणि हातात उरतं ओसीआय कार्ड, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते.

ओसीआय कार्डावर भाऊ भारतात जन्मभर ये-जा करू शकतो. पण नेपाळ आणि भूतान भारतीयांना जी मोकळीक देतात ती भारतीय नागरिकांना, ओसीआयवाल्यांना नाही. सीमेवर तो पोर्तुगालचा माणूस. आईला हे काही केल्या पटेना. "अरे पुता, ह्याच अंगणात रांगलास तू, आणि परदेशी कसा?" असं ती त्यालाच विचारत राहिली. तो म्हणाला, "आत्या, मला नाही गो, त्या खिडकीवरच्या साहेबाला विचार."

त्यामुळे बेत आखताना एक गोष्ट आधी ठरवली. ज्याचे कागद सगळ्यांत अवघड, त्याच्यापासून सुरुवात करायची. आमच्यात तो भाऊ, आणि त्याच्या कागदांतला सगळ्यांत अवघड भूतानचा व्हिसा. नेपाळचा व्हिसा सीमेवर मिळतो. भूतानचा मात्र आधी अर्ज करून, पैसे भरून, मंजुरी हातात घेऊनच निघावं लागतं, आणि अर्जात प्रवेशाची तारीख द्यावी लागते. ती तारीख पक्की केली आणि तिथून मागे मागे येत नेपाळचे दिवस आणि फोंड्याहून निघायचा दिवस काढला. उलट क्रमाने, म्हणजे आधी निघायची तारीख ठरवून मग व्हिसा, असं करणारे पुष्कळ भेटतात. सगळ्यांकडे एकच पासपोर्ट असेल तर तेही चालून जातं. गाडीत दोन देशांची माणसं असतील तर नाही.

भूतानच्या अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहावं लागतं. गोव्याच्या जुन्या दफ्तरांत नाईक, कामत, प्रभू ही आडनावं पोर्तुगीज वळणाने नोंदलेली आहेत आणि नातवंडांच्या पासपोर्टवर ती तशीच उतरतात. भावाच्या शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं. विम्यापासून हॉटेलच्या आरक्षणापर्यंत सगळीकडे पासपोर्टचंच नाव वापरायचं असं आम्ही ठरवून टाकलं.

खर्चातली तफावत स्वच्छ सांगतो, कारण बजेट तिथेच हलतं. भूतान प्रत्येक पाहुण्याकडून रात्रीगणिक शाश्वत विकास शुल्क घेतं. भारतीयांना ते १,२०० रुपये आहे. इतर देशांच्या नागरिकांना १०० डॉलर, शिवाय व्हिसाचे ४० डॉलर वेगळे. एकाच हॉटेलात, एकाच टेबलावर जेवणाऱ्या दोन आतेमामेभावंडांत एवढा फरक. म्हणून भूतानातला मुक्काम आम्ही मुद्दाम आटोपशीर ठेवला आणि नेपाळचा सैल सोडला.

आता गाडीचे कागद. गाडी थोरल्या भावाच्या नावावर, आणि तो सोबत येणार नव्हता. मालक गाडीत नसेल तर त्याचं अधिकारपत्र हवं. फोंड्यात स्टँप पेपरवर ते इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत करून नोटरीचा शिक्का घेतला. त्यात गाडीचा नंबर, इंजिन आणि चासी नंबर, कोण चालवणार, कोणत्या देशांत आणि कोणत्या तारखांना, सगळं घातलं. दुसरी गोष्ट बोजाची. कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप जात नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत ते उतरवावं लागतं. कर्ज चालू असेल तर बँकेकडून परदेशी नेण्यासाठी पत्र घ्यावं. हे काम निघायच्या बरंच आधी हातात घ्या.

विम्याबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो. आपली मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. पण नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या देशांसाठी हद्द वाढवून घेण्याची सोय पॉलिसीतच आहे. थोडा जादा हप्ता भरला की तसा शेरा मिळतो. सीमेवर हा शेरा कुणी मागितला नाही, म्हणून बरेच जण तो घेतही नाहीत. पण डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक येतो तेव्हा सीमेवर कुणी काय विचारलं याला काही अर्थ उरत नाही. पणजीच्या शाखेत जाऊन आम्ही तो लेखी घेतला आणि छापील प्रत गाडीत ठेवली. सोबत पीयूसीही नवं काढलं.

आम्ही दिवाळी करून निघालो. त्यालाही कारण होतं. नेपाळात दशैं आणि तिहार हे मोठे सण असतात. तिहार आपल्या दिवाळीच्याच दिवसांत येतो. त्या काळात सरकारी कचेऱ्या बंद, रस्ते गावी जाणाऱ्यांनी भरलेले. सण उरकल्यावर हवा मोकळी होते, डोंगर दिसतात आणि खिडक्यांवर माणसं असतात.

सोनौलीला रस्त्यावर इतकी वर्दळ की सीमा कुठे सुरू झाली ते कळतच नाही. भारतीय माणूस कमानीतून सरळ पलीकडे जातो. पण भावाला भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का लागणार, आणि भारताची इमिग्रेशन कचेरी दुकानांच्या रांगेत, चटकन नजरेत न भरणारी. तो शिक्का न घेता पलीकडे गेलात तर नेपाळ परत पाठवतं. आम्ही गाडी बाजूला लावली, तो आत गेला, शिक्का घेऊन आला, आणि मगच कमान ओलांडली. पलीकडे बेलहियाला त्याचा व्हिसा झाला. १५ दिवसांचे ३० डॉलर, ३० दिवसांचे ५०, ९० दिवसांचे १२५. डॉलर पणजीतूनच रोख नेले होते आणि फॉर्म इंटरनेटवर आधी भरला होता, त्यामुळे काम लवकर आटोपलं.

आम्हा तिघांना व्हिसाच नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र एवढं पुरतं. पासष्टच्या पुढच्या आणि पंधराच्या आतल्यांना नेपाळात आधार कार्डही चालतं. पण भूतानला आधार चालत नाही, म्हणून आईलाही मतदार ओळखपत्रच बाळगायला लावलं.

मग गाडीची पाळी. नेपाळात जकातीला भन्सार म्हणतात. भन्सार कचेरीत आरसी, लायसन्स आणि अधिकारपत्र दाखवून, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरून पावती घ्यायची. दुसऱ्या खिडकीवर यातायातचा, म्हणजे वाहतूक खात्याचा परवाना. दोन्ही कागद गाडीत हाताशी ठेवावे, वाटेत पोलीस मागतात. खाजगी भारतीय गाडीला वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस नेपाळात राहता येतं, आणि हे वर्ष नेपाळचं आर्थिक वर्ष, म्हणजे जुलैच्या मध्याला श्रावणात सुरू होणारं. पावतीवरची तारीख विक्रम संवतातली असते. साल आपल्यापेक्षा ५६-५७ने पुढे, महिना इंग्रजी महिन्याच्या मध्यावर बदलणारा. खिडकीवरच्या माणसाकडून शेवटच्या दिवसाची इंग्रजी तारीख विचारून घ्या आणि पावतीवरच पेन्सिलने लिहून ठेवा. दिवसही हात सैल सोडून भरा. दरड कोसळून एक दिवस अडकलात तर मुदत उलटते आणि दंड बसतो.

नेपाळातल्या प्रवासाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू. आईला मुक्तिनाथची ओढ होती. पोखऱ्याच्या पुढचा रस्ता पाहता गाडी तिथेच ठेवून स्थानिक जीप केली आणि ते योग्यच झालं. तो भाग अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतो, त्याचं प्रवेशपत्र लागतं. सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये, इतरांना ३,०००. पुन्हा तीच विभागणी. पण मुक्तिनाथच्या १०८ धारांखाली आई आणि तिचा भाचा एकमेकांचा हात धरून कुडकुडत चालले, तेव्हा मला फार बरं वाटलं. त्या पाण्याला पासपोर्ट दाखवावा लागत नाही.

तिथून महेंद्र राजमार्गाने पूर्वेला काकडभिट्टा. भन्सारचे कागद तिथे दाखवून गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घेतली. हे घाईत टाळू नका, पुढच्या वेळी तुमच्याच गाडीच्या नंबरावर जुनी नोंद उघडी राहायला नको. मेची नदीचा पूल ओलांडला की पानीटंकी, आणि तिथे भावाचा भारतात परतल्याचा शिक्का.

सिलिगुडीला आल्यावर सिक्कीमचा मोह होतोच. आम्ही तो यादीतूनच काढला होता. परदेशी पासपोर्टवाल्याला, ओसीआय असला तरी, सिक्कीमसाठी वेगळा परवाना लागतो. तिथल्या नथुला खिंडीत परदेशी नागरिकांना सोडतच नाहीत, आणि बाहेरची खाजगी गाडीही तिथे नेता येत नाही. चौघांपैकी एकाला खाली बसवून तिघांनी वर जाणं आम्हाला नको होतं.

जयगाव आणि फुंत्शोलिंग ही जवळजवळ एकच वस्ती, मध्ये भूतानची रंगीत कमान. भावाला जयगावच्या भारतीय कचेरीत बाहेर पडल्याचा शिक्का, पलीकडे मंजूर व्हिसा दाखवून प्रवेश. आमचे तिघांचे प्रवेश परवाने तिथेच झाले. ते हातात आल्याशिवाय गाडीचा परवाना होत नाही, म्हणून सोमवारी सकाळीच पोचलो. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स, अधिकारपत्र यांच्या प्रती आणि कुठे कुठे जाणार त्या ठिकाणांची यादी. आम्ही पारो, थिंपू, पुनाखा लिहिलं. भारतीय गाडीला दिवसाप्रमाणे शुल्क पडतं, ते धरून चाला. शहराच्या वर रिंचेंडिंगला पहिली चौकी. तिथे माणसांचे आणि गाडीचे कागद पुन्हा तपासले जातात. शांतपणे, नीट, प्रत्येक तारीख वाचून. गोव्याची नंबरप्लेट बघून चौकीवरच्या शिपायाने समुद्र कसा असतो ते आईला विचारलं. आईने त्याला वाटेवरच्या शिदोरीतले काजू दिले.

परत येईपर्यंत भावाच्या पासपोर्टवर आठ शिक्के जमले होते. भारत, नेपाळ, भारत, भूतान, आत आणि बाहेर.

आता तो फोंडा ते लिस्बन म्हणतोय. त्या वाटेवर इराणसारखे देश आहेत, तिथे भन्सारच्या पावतीसारख्या कागदावर भागत नाही. गाडीसाठी कार्ने लागतं. वर्षभर चालणारं पुस्तक, प्रत्येक पानाचे तीन भाग. एक देशात शिरताना फाडायचा, एक बाहेर पडताना, आणि पुस्तकात उरणाऱ्या स्थळप्रतीवर दोन्ही वेळी जकातीचा शिक्का. गाडी परदेशात विकली जाणार नाही याची हमी म्हणून तिच्या किमतीच्या प्रमाणात बँक गॅरंटी द्यावी लागते. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे चौकशी सुरू केली आहे. आणि अधिकारपत्रावर इतक्या सीमा ओलांडायला नकोत म्हणून थोरल्या भावाकडून गाडी माझ्या नावावर करायचा अर्जही आरटीओत दिला आहे.