लाल शाईखालचे आकडे

रविवार, रात्री साडेअकरा

सासूबाईंच्या आजीचा कागद आज सापडला. २ एप्रिल १९११ ची शिरगणती, लँकेशायरमधलं बर्नली. सकाळपासून संगणकापुढून उठले नव्हते. त्याआधीच्या शिरगणतींच्या, मोजणीदाराने वहीत उतरवलेल्या ओळीच तेवढ्या बघायला मिळतात. १९११ चा मात्र घरच्या माणसाने स्वतः भरलेला तक्ता जपून ठेवलाय. म्हणजे हे अक्षर तिचं. जाड, दाबून लिहिलेलं.

विधवा, वय ३४. सूतगिरणीत विणकर. थोरली मुलगी बारा वर्षांची, अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा. सासूबाईंना आठवतं, आजी घरातही ओठ मोठे हलवून बोलायची, कारण मागांच्या खडखडाटात बायका एकमेकींचे ओठ वाचूनच बोलत. माझे आजोबा परळला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवरच होते. ते घरातसुद्धा ओरडून बोलायचे.

त्या तक्त्यात एक रकाना आहे: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती हयात, किती गेली. तो फक्त नवरा हयात असलेल्या बायकांसाठी होता. हिने तरीही भरला. झालेली ६, हयात ३, गेलेली ३. तपासणाऱ्याने नियमाप्रमाणे त्यावर लाल शाईची रेघ मारली. रेघेखालचे आकडे आजही स्वच्छ वाचता येतात. मी बराच वेळ तिथेच थांबले. कोणी न विचारता तिने ती तीन मुलं मोजून लिहिली होती.

गेलेल्या मुलांबद्दल घरात कधी कोणी बोललं नव्हतं. मग जन्ममृत्यूच्या सूचीकडे वळले. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे, आणि नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत आता जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनावही येतं. ते मिळालं की अर्धं काम झालं. आडनाव, माहेरचं आडनाव, जिल्हा बर्नली. एकेक वर्ष करत सहाही जन्म सापडले. हयात तिघं बाजूला काढली. मृत्यूच्या सूचीत वयही असतं. दोघांच्या पुढे शून्य होतं, म्हणजे वर्षही पुरं झालेलं नाही. तिसरी १९०१ च्या शिरगणतीत एक वर्षाची दिसते, पुढच्या हिवाळ्यात गेली.

त्या दोघांतला एक मुलगा १९०१ च्या उन्हाळ्यातला. ३१ मार्चची शिरगणती होऊन गेल्यावर जन्मला आणि पुढची यायच्या कितीतरी आधी गेला. कुठल्याच शिरगणतीत तो नाही. त्याचं नाव वाचलं आणि अंगावर काटा आला. १९०७ साली जन्मलेल्या सासूबाईंच्या वडिलांचंही तेच नाव.

रात्र झाली होती, तरी फोन केला. सासूबाई खूप वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाबांना हे ठाऊक असेल का गं?" मला सांगता येईना. माझ्या स्वतःच्या आजीची किती मुलं गेली, हेही मी कधी विचारलं नाही.

तिन्ही मृत्यूदाखले मागवलेत. त्यात कारण असतं, आणि खबर कोणी दिली तेही. खबर देणाऱ्याच्या जागी तिचंच नाव असेल का, हे मला बघायचंय.

झोपण्याआधी वंशावळीच्या तक्त्यात सासूबाईंच्या बाबांच्या चौकोनाआधी आणखी एक चौकोन काढला, त्याच नावाचा.