आमची वाटचाल : आधी दाराचं रबर बघा

चिमूर–वरोरा रस्त्यावरचं आमचं दुकान सुरू झालं ते कूलरच्या कामावर. उन्हाळाभर पंप, मोटर, वाळ्याच्या ताट्या. पाऊस लागला की हात रिकामे. म्हणून आमच्या ह्यांनी फ्रिजचं काम शिकून घेतलं आणि हिशेब लिहिता लिहिता मीही त्यात शिरले.

कृषी केंद्र, मेडिकल, दूध डेअरी, लग्नाच्या केटरिंगवाल्यांचे डीप फ्रीजर. कोणीही आलं की एकच म्हणणं, "ताई, गॅस संपला जी, भरून द्या." बंद नळीतला गॅस असा संपत नसतो, गळती असेल तरच जातो. बहुतेक वेळा दोष दारात निघायचा. रबर कडक होऊन चपटं झालेलं, फटीतून गरम हवा आत जाते, पावसाळ्यात तिच्यासोबत ओलही जाते आणि तिचा बर्फ धरतो. कॉम्प्रेसर मग थांबतच नाही.

तेव्हापासून नियम केला. आलेल्या फ्रिजच्या दारात आधी कागदाची पट्टी अडकवायची आणि ती गिऱ्हाइकालाच ओढायला लावायची. सहज निसटली तर फट तिथेच. गॅस भरून पैसे घेणं सोपं होतं. ते आम्ही केलं नाही, आणि दुकान त्यावरच उभं राहिलं असं मी मानते.

२०२१ मध्ये राज्याचं कॅरावॅन पर्यटन धोरण आलं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. ताडोबाच्या कोलारा गेटकडे जाणारी मोटरहोम, म्हणजे आतच राहायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या, अधूनमधून दिसू लागली, आणि त्यांतली एक आमच्या दारात थांबली. पुण्याचं कुटुंब होतं, दूध नासत होतं. ह्यांनी बघितलं तर रबर एका कोपऱ्यात उचललेलं, पण त्याआधी बिजागरीच ढिली. गाडी खड्ड्यांतून हादरत जाते, दार खाली येतं आणि नवंकोरं रबरही नीट बसत नाही. म्हणून मोटरहोममध्ये आधी बिजागरी आणि खटका कसायचा, मग रबराकडे वळायचं.

त्यांचा फ्रिज अॅब्सॉर्प्शनचा होता. त्यात कॉम्प्रेसर नसतो. गॅसची ज्योत किंवा हीटर अमोनियाचं चक्र फिरवतं. थंडावा सावकाश तयार होतो, त्यामुळे दारातून गेलेला लवकर भरून येत नाही. गाडी सपाट उभी नसली तरी तो नीट चालत नाही. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा मागच्या जाळीतून हवा मोकळी जायलाच हवी. नुसत्या रबरानं सगळं होईल असं आम्ही कोणालाही सांगत नाही.

परदेशी फ्रिजचं तयार रबर मिळेना, तेव्हा आम्ही ते घरीच बनवायला लागलो. नागपूरहून लांब पट्ट्या आणायच्या, कोपरे ४५ अंशांत कापायचे, चुंबकाची पट्टी आत सरकवायची आणि तापलेल्या पत्र्यावर दोन्ही टोकं टेकवून लगेच जोडायची. हे काम माझ्याकडे आहे आणि मला ते मनापासून आवडतं. दाबून धरलेला कोपरा थंड होईपर्यंत हात हलू द्यायचा नाही. गुंडाळून आलेल्या पट्टीच्या घड्या काढायला आमचं विदर्भाचं ऊन पुरतं. सपाट पत्र्यावर थोडा वेळ पसरली की ती सरळ होते.

पावसाळ्यात ताडोबाचा कोअर भाग बंद असतो आणि गाड्या महिनोन्महिने उभ्या राहतात. मालकांना आम्ही कळकळीनं सांगतो : फ्रिज बंद करून ठेवताना आतून कोरडा पुसा आणि दार थोडं उघडं राहू द्या. नाहीतर रबराच्या घडीत बुरशी धरते आणि वास जाता जात नाही. रबर साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, पेट्रोल किंवा थिनर लावू नका.

दुरून विचारणाऱ्यांना एवढंच सांगते : माप रबराच्या बाहेरच्या कडेवरून घेऊ नका, दाराच्या खाचेपासून खाचेपर्यंत घ्या. फोटोवरून पट्टीचा आकार नीट कळत नाही, म्हणून जुन्या रबराच्या फाटक्या भागाचा बोटभर तुकडा कापून पाठवा आणि त्यातली चुंबकाची पट्टी आतच राहू द्या.