तीस चेंडूंत तीस, आणि वर्म

क्लबच्या सामन्यांना मी स्कोअर लिहितो. त्यामुळे टीव्हीवर आलेख आला की माझी नजर आधी तिकडेच जाते, आणि २९ जून २०२४ ला बार्बाडोसला झालेल्या टी-२० विश्वचषकाच्या फायनलचे आलेख मी आजवर सगळ्यात जास्त वेळा पाहिलेत.

भारताच्या १७६ धावा. पंधराव्या ओव्हरमध्ये अक्षर पटेलला २४ पडल्या आणि दक्षिण आफ्रिका ४ बाद १४७ वर गेली. ३० चेंडूंत ३० हव्यात. या क्षणी वर्म (worm), म्हणजे दोन्ही संघांच्या एकूण धावा ओव्हरगणिक दाखवणारा रेघांचा आलेख, पाहा: आफ्रिकेची रेघ भारताच्या रेघेच्या चांगलीच वर. ते खोटं नाही. पण पुढच्या चार ओव्हर्समध्ये जे घडलं ते वर्ममध्ये जवळजवळ दिसतच नाही. उभ्या अक्षावर शून्य ते पावणेदोनशे धावा मावायच्या असतात. तिथे ओव्हरला सहाऐवजी चार आल्या, तर रेघ किंचित कलते एवढंच.

मॅनहॅटन, म्हणजे दर ओव्हरच्या धावांचा एकेक खांब दाखवणारा आलेख, इथे सरस ठरतो. २४ चा उंच खांब आणि त्याला लागून ४, ४, २, ४. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा. सतराव्या ओव्हरच्या पहिल्या चेंडूवर हार्दिकने ऑफबाहेर हळू टाकला, क्लासेनची कड लागून तो पंतकडे गेला. त्या खांबाच्या डोक्यावर विकेटचा एक ठिपका येतो. क्लासेनने २७ चेंडूंत ५२ केल्या होत्या, पण ठिपका मात्र सगळ्यांचा सारखाच.

मला खरी हवी ती रेघ वेगळीच आहे: ओव्हरला किती धावा लागणार. पंधराव्या ओव्हरनंतर ६, मग ६.५, मग ७.३३, मग १०, आणि शेवटच्या ओव्हरला १६. हे पाच ठिपके जोडा. सामना कसा हातातून निसटत गेला ते न सांगता कळतं. हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात येतो नि जातो, त्याची रेघ मात्र क्वचितच कुणी काढतं.

आणि गोलंदाज! उरलेल्या ३० चेंडूंपैकी १२ बुमराचे होते. त्याच्या त्या दोन ओव्हर्समध्ये मिळून फक्त ६ धावा गेल्या आणि यान्सनची विकेट पडली. ‘३० चेंडूंत ३०’ म्हणताना सगळे चेंडू एकाच मापाने मोजले जातात. स्कोअरबुक हातात असलेल्या माणसाला कुणाच्या किती ओव्हर्स शिल्लक आहेत ते एका नजरेत दिसतं, प्रेक्षकाला का दिसू नये? त्या दिवशी उरलेल्या पाच ओव्हर्सचे रिकामे चौकोन दाखवून त्यातले दोन बुमराच्या रंगाने भरले असते, तर काम झालं असतं.

आमच्या पोरांसाठी मी आता मॅनहॅटनचे खांब गोलंदाजानुसार रंगवतो, आणि लागणाऱ्या धावगतीची रेघ वरून वेगळी ओढतो. कॅप्टन पोरगा ब्रेकमध्ये तोच कागद आधी मागतो.