जत्रेतलं नाटक आणि पोस्टमन औरंगजेब

दिवाळी सरली की आमच्या गोव्यातल्या साखळी गावात संध्याकाळचा वाळवंटी नदीकडून जरा गार वारा यायला लागायचा आणि त्याच सुमाराला देवळाच्या अग्रशाळेतून, म्हणजे आवारातल्या उतरायच्या खोल्यांतून, कुणीतरी जोरजोरात भांडल्यासारखे आवाज यायचे. भांडण वगैरे काही नाही, तालमी सुरू झालेल्या असायच्या. जत्रेचं नाटक!

गोव्यात समुद्रापासून आत, म्हणजे साखळी, डिचोली, वाळपई, फोंडा, पेडणे असल्या भागात वाढलेल्या कुणालाही विचारा, त्याच्याकडे जत्रेतल्या नाटकाची एक तरी गोष्ट असणारच. बाहेरच्या लोकांना गोवा म्हटलं की बीच आणि कार्निव्हल आठवतं, आम्हाला आठवतात ते कार्तिकापासून पार वैशाखापर्यंत या नाहीतर त्या गावात चाललेल्या जत्रा, पालखी, दिवजां म्हणजे बायकांनी पेटते दिवे घेऊन काढलेली मिरवणूक, आणि मध्यरात्री उघडणारा पडदा. पेडण्याकडे दशावतारी कालो, सत्तरीत शिगम्याला म्हणजे होळीच्या दिवसांत रणमाले हे लोकनाट्य, आणि आमच्यासारख्या ठिकाणी सरळ मराठी नाटक, ऐतिहासिक किंवा संगीत. चैत्रीला विठ्ठल मंदिरात वीरभद्राचं सोंग घेतलेला माणूस नाचायचा, हातात दोन तलवारी आणि मागून त्याला धरून ठेवणारी माणसं, तेव्हा आम्ही पोरं घाबरून आईच्या पाठीमागे. पण नाटकाला मात्र पहिल्या रांगेत.

जागा धरणं हे पोरांचं खातं. दुपारी जेवणं झाली की घरातली चटई, जुनी चादर, नाहीच काही मिळालं तर खताची रिकामी गोणी घेऊन राजांगणात, म्हणजे देवळापुढच्या मोठ्या अंगणात पळायचं आणि ती अंथरून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. आणि गंमत म्हणजे ते दगड कुणी हलवत नसे! रात्री अकरा वाजता शेजारची काकी येऊन विचारणार, "जागो धरलो मरे?" आणि आपण छाती पुढे काढून तिला घेऊन जायचं. आजी, काकी, मावश्या, मांडीवरची बाळं, एका चटईवर एवढी माणसं मावायची की आता विचार केला तरी कळत नाही कशी. केसांत अबोलीचे वळेसर म्हणजे गजरे, त्यांचा वास, आणि बाहेर फेरीतून म्हणजे जत्रेतल्या दुकानांतून आणलेलं खाजें कागदाच्या पुडीत. खाजें ज्यांनी खाल्लं नाही त्यांना सांगते, बेसनाच्या जाड कांड्या तळून वर गुळाचा पाक आणि आल्याचा झणका, आता तर त्याला जीआय टॅगपण मिळालाय. पुडी उघडताना आवाज झाला की आजी डोळे मोठे करायची, मग आम्ही ते नुसतं तोंडात ठेवून चघळत बसायचो.

पण खरी मजा वेगळीच होती. स्टेजवरची सगळी माणसं आपल्या ओळखीची. सरदार म्हणजे सोमवारच्या बाजारात मिरच्या विकणारा, सेनापती म्हणजे बसचा कंडक्टर, आणि मला जन्मात विसरता येणार नाही तो औरंगजेब म्हणजे आमचे पोस्टमनकाका. दिवसभर सायकलवरून "आज पत्र नाही गो बाय" असं मऊ आवाजात सांगणारा हा माणूस, घरी अंगणी कोंकणीच बोलणारा, रात्री हिरवा झगा आणि पांढरी दाढी लावून तख्तावर बसला की असं खणखणीत मराठी बोलायचा की अंगावर काटा यायचा. एका वर्षी त्याने दख्खन जिंकायची भली मोठी प्रतिज्ञा केली आणि मागून कुणीतरी ओरडला, "पयलीं पत्रां वांट, मागीर राज्य कर!" सगळं राजांगण हसून हसून लोळलं आणि तख्तावरचा औरंगजेबपण दाढीवर शाल ओढून हसला. मग परत सरळ बसला आणि प्रतिज्ञा पहिल्या शब्दापासून म्हटली, आणि यावेळी कुणी चूं केलं नाही. असा नट मी नंतर पणजीच्या कला अकादमीतही फार कमी बघितलाय, खरंच सांगते.

बाकी बक्षिसांचा प्रकार! ऐन रंगात आलेला प्रवेश थांबायचा, माइकवरून घोषणा, "अमुक अमुक यांच्याकडून सेनापतीच्या भूमिकेवर खूश होऊन रुपये ५१," आणि सेनापती लढाईत मरून पडलेला असला तरी उठायचा, हात जोडून बक्षीस घ्यायचा, आणि परत जाऊन बरोब्बर त्याच जागी मरायचा. लोक टाळ्या वाजवायचे. कुणाला त्यात काही चुकीचं वाटायचं नाही आणि मलाही वाटत नाही, त्या माणसाने महिनाभर बसची ड्युटी संपल्यावर रोज रात्री तालमीला येऊन ते मरण बसवलेलं असायचं, त्याचं कौतुक गावाने नाही करायचं तर कुणी?

आम्हाला रंगपटात डोकवायला मिळालं की स्वर्गच. खोबरेल तेल, स्पिरिट गम आणि रंग यांचा मिळून एक वास यायचा, भाड्याने आणलेल्या मुकुटांची पेटी उघडी, आणि कोपऱ्यात स्त्रीपात्र करायला बाहेरगावाहून आलेल्या नटीबाई शांतपणे चहा पीत बसलेल्या. त्या एकदम रंगीत तालमीलाच यायच्या आणि तरी सगळी वाक्यं पाठ! विंगेत प्रॉम्प्टर मास्तर, एका हातात वही, दुसऱ्या हातात टॉर्च. मास्तरांचा आवाज कधीकधी नटापेक्षा मोठा यायचा, तेव्हा पुढच्या रांगेतल्या आम्हा पोरांना वाक्य दोनदा ऐकायला मिळायचं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तेच नाटक अंगणात सुपारीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या बुडाच्या सालीच्या तलवारी घेऊन करायचो तेव्हा ती सगळी वाक्यं तोंडपाठ असायची.

माझं मराठी कुठून आलं असं कुणी विचारलं तर मी शाळेच्या आधी हे राजांगण सांगेन. शाळाही आहेच म्हणा. १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि खेड्यापाड्यात मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, आमचे बाबा त्यातल्याच एका शाळेत पाटी घेऊन बसलेली पिढी. पण देवळातलं नाटक त्याच्याही आधीचं, पोर्तुगीज राज्यातही ते चालू होतं, आजी तिच्या लहानपणी मशालीच्या उजेडात बघितलेल्या नाटकांबद्दल सांगायची. सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये, घरात कोंकणी, आणि देवाच्या दारात मराठी. दीनानाथ मंगेशकर १९०० मध्ये मंगेशीला जन्मले, तिथल्या देवळाच्या परिसरात वाढले आणि पुढे सगळा महाराष्ट्र त्यांच्या गाण्यावर वेडा झाला, ते काही उगाच नाही. त्या मातीत रोजच सूर होता. आमच्याकडचा पेटीवाला दिवसा टेलरिंग करायचा, पण तबल्याची साथ मिळाली की शिलाई मशीनवरचे तेच पाय भाता मारताना बघायला मला फार आवडायचं.

नाटक पहाटेपर्यंत चालायचं. तिसऱ्या अंकापर्यंत आमच्यातली निम्मी पोरं आडवी. बाबा खांद्यावर टाकून घरी न्यायचे आणि सकाळी पहिला प्रश्न, शेवटी काय झालं? मग पोदेराकडून, म्हणजे सायकलवरून येणाऱ्या पाववाल्याकडून, उंडे म्हणजे गोल पाव घेता घेता अख्ख्या वाड्यावर त्याचीच चर्चा, कुणाचं वाक्य चुकलं, कुणाची मिशी सुटली, संभाजी झालेल्याने गेल्या वर्षीपेक्षा बरं केलं की नाही, आणि पोदेरसुद्धा सायकलवरून न उतरता आपलं मत देऊन जायचा कारण तोही रात्री मागे उभा राहून बघत होता.

आता नाटक लवकर सुरू होतं, बरेच ठिकाणी रात्री एकच्या आत आटपतं, खाली खुर्च्या असतात आणि समोर वर धरलेले मोबाईल. मला त्याचं फार वाईट वाटत नाही, कारण तालमी चालूच आहेत आणि एक गोष्ट तर पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली झालीय. बाहेरून नटी आणायची गरज संपत चाललीय, गावच्या बायका स्वतः स्टेजवर येतात, कला अकादमीच्या महिला नाट्यस्पर्धेत तर सगळी पात्रं बायकाच करतात. माझी मामेबहीण बँकेत कॅशियर, दोन मुलांची आई, यंदा आमच्या जत्रेत सरदाराचं काम करतेय. रोज रात्री फोनवर मला वाक्यं म्हणून दाखवते, मागून तिचा नवरा चुका काढतो. मिशी जाड लावायची की बारीक यावर त्यांच्या घरात गेला आठवडाभर वाद चाललाय आणि मामी जाडच्या बाजूने आहे.