नानांची ट्रॉली आणि दुपारचा कूलर

अमळनेरला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मे महिन्यात गल्लीतले नाना नवंकोरं टिग वेल्डिंग मशीन रिक्षात घालून आले. घरीच कूलरची ट्रॉली करत होते, २ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम पाइपची. "भाऊ, मशीन ते नवंच शे, पण टाकाच धरत नाही."

पाटी वाचली. नुसतं डीसी, म्हणजे करंट एकाच दिशेने वाहणारं. दुकानदाराने 'अ‍ॅल्युमिनियमही होतं' सांगून गळ्यात मारलेलं. पेन्शनच्या पैशाची खरेदी, मला फार वाईट वाटलं.

तुकड्यावर आर्क धरून त्यांना काचेतून बघायला लावलं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण वरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांपुढेही टिकतो. दुधावर साय असावी तसं दिसतं. खाली धातू पातळ, पण दोन कडा एकमेकींत मिसळत नाहीत. लोखंडासारखा लालही होत नाही, एकदम गळून पडतो. एसीमध्ये करंट उलटसुलट फिरतो. एका फेऱ्यात पापुद्रा फुटतो, दुसऱ्यात धातू वितळतो.

माझ्या एसी मशीनवर दोन कोपरे छान बसले. दुपारी तिसरा धरला तर टाक्यात टाचणीने टोचल्यासारखी भोकं. आर्क काढणारी टंगस्टनची सळई घासली, टाक्यात भरायचा रॉड बदलला, पाइप पुन्हा ब्रशने घासून अ‍ॅसिटोनने पुसला. तरी तेच. टाक्याला हवेपासून झाकणाऱ्या आरगॉन गॅसच्या नळीला हात लावायला वाकलो तेव्हा मानेला गार वारा लागला. पोऱ्याने उकाड्यापायी कूलर लावला होता! वाऱ्याने आरगॉन उडत होता आणि ओलसर हवा थेट टाक्यावर येत होती. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम त्या ओलीतला हायड्रोजन शोषतं, गोठताना तो बाहेर पडू शकत नाही, म्हणून भोकं. कूलर बंद केला. घामाने शर्ट अंगाला चिकटला, पण उरलेले दोन्ही कोपरे स्वच्छ आले.

नाना म्हणाले, "मग घेऊ काय?" मिग, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग, झपाट्याने चालतं, पण मऊ तारेसाठी स्पूल गन (तारेचं रीळ गनवरच असतं ती) आणि नुसता आरगॉन लागतो, वर्षाला दोन-तीन कामांसाठी तो खर्च मी कुणालाच सांगणार नाही. कमी तापमानाच्या रॉडने गळकं भांडं बुजेल, वजन पेलणारा सांधा त्यावर सोडू नये. पातळ पाइपला एसी टिगच, आणि आधी महिनाभर भंगार तुकड्यांवर हात बसवायचा.

दुकानदाराने मशीन परत घेतलं नाही. नाना आता त्यावर लोखंडाची कामं करतात. अ‍ॅल्युमिनियम घरी मापात कापून, घासून माझ्याकडे आणतात, सोबत स्टेनलेसचा वेगळा ब्रश फडक्यात गुंडाळून. लोखंडाला तो कधी लावत नाहीत.