पगार वाढतो का, मॅडम?

मुख्याध्यापकांची सहविचार सभा आटोपून चहा आला की कुणीतरी हमखास विचारतं, “मॅडम, पीएच.डी. झाल्यावर पगार वाढतो का?” नाही वाढत. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतून माझं बिल आज जेवढं निघतं तेवढंच तेव्हाही निघेल. निवृत्तीला पाच वर्षं उरलीत, त्यामुळे बढतीचाही प्रश्न नाही. मग पुढचा प्रश्न येतो, “मग कशाला?” त्यावर मी आजवर हसून “हौस” म्हणत आले. गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका सरांनी मात्र मुद्दाम फोन करून विचारलं, कारण त्यांना स्वतःला अर्ज भरायचाय. तेव्हा सर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी कागद, कारण आपल्या लोकांचा जीव तिथेच अडकलेला असतो. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत तशी सोय आहे. एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातलं एम.ए. 55 टक्क्यांनी हवं. मग प्रवेश परीक्षा, तिथे अर्धे प्रश्न संशोधन पद्धतीवर. किमान 12 श्रेयांकांचं कोर्सवर्क. कमीत कमी तीन वर्षं, एरवी सहाच्या आत. आणि संस्थेचं नाहरकत प्रमाणपत्र. त्यात लिहून द्यावं लागतं की कर्मचाऱ्याला कामातून संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळतो. हे वाक्य टाइप करताना आमचे लेखनिक भाऊसाहेब थांबले. बाहेर पोषण आहाराच्या तांदळाचा टेम्पो उभा, दारात दाखल्यासाठी आलेले दोन पालक. “मॅडम, ‘पुरेसा’ लिहू?” लिहा म्हटलं. अर्जदार म्हणून मी सही केली आणि ‘अग्रेषित’च्या वर त्याच पेनाने दुसरी, अर्ज पुढे पाठवणारी मुख्याध्यापक म्हणून.

कोर्सवर्कचं फार सांगत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी पकडायची, डबा गाडीतच खायचा. संख्याशास्त्राने रडवलं.

अमेरिकेत शाळा चालवणाऱ्यांसाठी एड.डी. नावाची वेगळी पदवी असते, हार्वर्डने ती शंभर वर्षांपूर्वी सुरू केली. तिथे आपल्याच कामातला एखादा नडलेला प्रश्न घेऊन अभ्यास करतात. माझ्यापुढे वाट पीएच.डी.चीच होती, पण प्रश्न आपल्या शाळेतला घ्यायला इथेही कुणाची ना नाही. अडचण येते ती उत्तरही आपल्याच शाळेतून घ्यायला गेलं की.

माझा विषय, शाळेच्या निर्णयांत शिक्षकांचा सहभाग. प्रश्नावली तयार केली. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी: नेहमी, बऱ्याचदा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही. चाचणी म्हणून आधी आमच्याच स्टाफरूममध्ये बावीस जणांना वाटली. “नाव लिहू नका, अगदी मोकळेपणाने भरा,” म्हटलं आणि खुर्ची ओढून तिथेच बसले. वीस मिनिटांत गठ्ठा हातात आला. वेळापत्रक ठरवताना मुख्याध्यापक तुमचं मत विचारतात का? एकवीस जणांचं उत्तर ‘नेहमी’. त्या जूनचं वेळापत्रक मी आणि पर्यवेक्षकांनी एका दुपारी दार लावून केलं होतं.

बाविसाव्या कागदावर ‘क्वचित’. आणि बरोबरची ती खूण! खाली बारीकशी आकडी, वर थेट पुढच्या चौकटीत घुसलेली लांब शेपटी. ती शेपटी मी अकरा वर्षं त्या सरांच्या पाठांच्या टाचण वहीत बघत आलेय. नाव नव्हतं, पण सही केल्यासारखंच होतं.

पहिल्यांदा राग आला, हे कबूल करते. मुलीच्या लग्नाच्या वेळी यांची रजा मीच अडू दिली नव्हती, वगैरे सगळं आठवलं. झोपताना मात्र दुसरंच मनात आलं. मार्चमध्ये यांच्या कामाचा गोपनीय अहवाल मीच लिहिणार. हे त्यांनाही माहीत होतं, तरी त्यांनी ती खूण केली. बाकीच्या एकवीस जणांनाही तेच माहीत होतं.

मार्गदर्शक बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “गठ्ठा बाजूला ठेवा. तुमच्या शाळेची माहिती प्रबंधात येणार नाही. आणि त्या सरांपाशी यातला एक शब्द काढायचा नाही.” तो काढलेला नाही.

मग दुसऱ्या तालुक्यातल्या शाळा घेतल्या. कागदासोबत पाकीट, ते भरणाऱ्यानेच चिकटवायचं. पहिल्याच शाळेत बघते तर तिथले मुख्याध्यापक खुर्ची ओढून बसलेले, डिट्टो माझ्यासारखे. “आमच्याकडे वातावरण अगदी खेळीमेळीचं आहे हो.” मी म्हटलं, “सर, जरा शाळा दाखवता?” गडी खूश. नवीन स्वच्छतागृह, परसबाग, प्रयोगशाळेतला सांगाडा, सगळं दाखवलं. मी प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न जास्तच विचारले. परत आलो तोवर पाकिटं चिकटवून झाली होती. घरी येऊन उघडली, तर खुणा पाचही चौकटींत पसरलेल्या. त्यानंतर प्रत्येक शाळेत मी परसबाग बघितली. आता शेवग्यावर व्याख्यान देऊ शकेन.

यंदा जूनमध्ये वेळापत्रकाचा कच्चा तक्ता स्टाफरूमच्या फळ्यावर लावला आणि सुतळीने पेन्सिल बांधून ठेवली. तीन दिवस कुणी हात लावला नाही. चौथ्या दिवशी सातवीचा जेवणाच्या सुट्टीनंतरचा शारीरिक शिक्षणाचा तास खोडलेला दिसला, बाण काढून शेवटी नेलेला. इतकी वर्षं पोरं भरल्या पोटी पळत होती. अक्षर नव्हतं, नुसता बाण होता. त्याची शेपटी मी निरखून बघितली नाही.

सर, तुमचा नाहरकतीचा अर्ज संस्थेच्या येत्या बैठकीआधी द्या. आमच्याकडे एक बैठक हुकली तर तीन महिने गेले होते.